आरशाची झाकली मूठ

चष्म्याच्या त्या दुकानात भिंतीभर आरसे होते, काउंटरवर हातात धरायचे दोन वेगळे होते, आणि तरी नवी फ्रेम डोळ्यांवर चढवली की गिऱ्हाईक आरशात बघायचंच नाही. ते बघायचं काउंटरमागच्या माणसाच्या तोंडाकडे. फ्रेम शोभत असली तर त्याच्या भुवया कपाळावर चढायच्या आणि कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. शोभत नसली तर अक्कलदाढ ठणकल्यासारखा चेहरा व्हायचा. तोंडाने बिचारा म्हणत असायचा, "छान दिसतेय, चेहरा अगदी भरल्यासारखा वाटतो." पण तोवर गिऱ्हाईक फ्रेम काढून ट्रेमध्ये ठेवून मोकळं झालेलं असायचं.

सव्वीस वर्षं तो तिथे नोकरीला होता. दोन बुबुळांमधलं अंतर मोजणं, काच मशीनवर घासून फ्रेमच्या खोबणीत अचूक बसवणं, दांडी गरम करून कानामागे हवी तेवढीच वळवणं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त थाप मारता येत नव्हती. मालकाने एकदा सोनेरी कड्यांच्या महागड्या फ्रेमा मागवल्या, तेव्हा महिनाभर त्याला गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं होतं. तरी लोक विचारायचे, "अहो, जरा वळून बघा ना." शेवटी मालकाच्या लक्षात आलं की या दुकानातून नेलेली फ्रेम कुणी बदलून मागायला येत नाही, आणि त्याने नाद सोडला. गिऱ्हाइकांनी त्या माणसाचं नाव ठेवलं होतं आरसा. ते नाव दुकानातून घरी आलं, घरातून नातेवाइकांत गेलं आणि मग कायमचं चिकटलं.

नातेवाइकांत म्हणजे मुख्यतः साडूकडे. साडूचं मोटार शिकवण्याचं स्कूल होतं. गडी उंचापुरा, आवाज मोठा. आपल्याला माणसं कळतात, याचा त्याला भारी अभिमान. "पुढच्या गाडीतला माणूस कुठे वळणार, ते मला त्याच्या मानेवरून कळतं," असं तो सांगायचा. महिन्यातून एका रविवारी त्याच्या घरी पत्त्यांचा अड्डा बसायचा आणि खेळ ठरलेला असायचा, चॅलेंज. यात पानं पालथी टाकायची आणि काय टाकलं ते खरंखोटं सांगायचं; समोरच्याला खोटं वाटलं तर त्याने 'चॅलेंज' म्हणायचं. खोटं पकडलं गेलं की सगळा ढीग आपल्या गळ्यात.

आता आरशाने "तीन राण्या" म्हणत पानं टाकली की साडू स्वतःच्या पानांकडेही बघायचा नाही. तो आरशाकडे बघायचा, हसायचा आणि सावकाश म्हणायचा, "यातली एक राणी खरी दिसतेय." आणि ती एकच खरी निघायची. एकोणीस वर्षं आरसा त्या घरी हरत आला होता. मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, त्याला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम हरायचा प्रयत्न करायची, पण त्याच्यापेक्षा जास्त हरणं तिलाही जमायचं नाही.

मग एके वर्षी दुकानाची फरशी उखडली. मालकाने नवी फरशी, नवे दिवे, नवी कपाटं असा घाट घातला आणि दीड महिना दुकान बंद राहील असं जाहीर केलं. पगार चालू होता, काम नव्हतं. पहिल्या तीन दिवसांत आरशाने घरातल्या, शेजारच्या आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या चष्म्यांचे स्क्रू आवळले. चौथ्या दिवशी आवळायला काही उरलं नाही. बायको एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायच्या कामाला होती, ती सकाळी सातलाच बाहेर पडायची. घरात उरले तो आणि सासूबाई.

त्या चौथ्या दिवशी, जुन्या लॅपटॉपवर कुठल्याशा काचेची किंमत शोधता शोधता, त्याला पोकरची साईट सापडली. रोज सकाळी पैशांऐवजी लावायला दहा हजार खोट्या चकत्या फुकट मिळायच्या, त्या संपल्या की उद्यापर्यंत खेळ बंद. खऱ्या पैशांची टेबलंही तिथे होती, पण बायकोने त्या संध्याकाळी पडद्यावर नजर टाकून एवढंच सांगितलं, "त्या दाराला हात लावलात तर मी लॅपटॉप प्रयोगशाळेत नेऊन नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवीन." ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

आरशाला मुळात पैशांत रस नव्हताच. त्याला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. टेबलाभोवती सहा गोल होते, गोलांत सहा टोपणनावं होती आणि कुणालाच कुणाचं तोंड दिसत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा असा खेळ मिळाला होता की ज्यात त्याचा चेहरा सोबत न्यावा लागत नव्हता. त्याने मोठ्या हौसेने स्वतःचं नाव ठेवलं 'मुखवटा', आणि बसला.

अकरा मिनिटांत दहा हजार चकत्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी चौदा, कारण मधे दाराची घंटा वाजली होती.

तिसऱ्या दिवशी तो पडद्याकडे बघत बसलेला असताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूने विणकामाच्या सुया थांबल्या. सासूबाई तिथे लोकरीचं काहीतरी विणत बसायच्या. ते स्वेटर होणार की गोधडी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांच्या तारा एकमेकांना जोडून देण्याचं काम केलेलं. आयुष्यभर माणसं न बघता ऐकलेली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "रोज एवढ्या लवकर काय संपतं?"

"पोकर, आई. पत्त्यांचा खेळ आहे. नशीब खराब आहे माझं."

"नशिबाचं नंतर बघू. खेळ कसा आहे ते सांगा."

त्याने सांगितलं. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त आपली. मग मधे सगळ्यांसाठी आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पानं उघडतात. आपली दोन आणि मधली पाच मिळून जी उत्तम पाच होतील, ती आपली. दर टप्प्याला पाळी फिरते; चकत्या लावायच्या, दुसऱ्याने लावल्या असतील तर तेवढ्याच भरायच्या, नाहीतर पानं टाकून डाव सोडायचा.

"सोडायला पैसे पडतात?"

"नाही. पण आळीपाळीने दोघांना आधीच थोड्या चकत्या मधे ठेवाव्या लागतात, तेवढ्याच जातात."

"आणि तुम्ही आज किती डाव सोडलेत?"

आरशाने आठवून बघितलं. "एकही नाही."

सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "म्हणजे जो फोन वाजेल तो उचललात."

"पण पानं चांगली होती. एकदा तर दोन्ही बदामच होती. बदाम सत्ती आणि बदाम दुर्री."

"दोन्ही पडदे एका रंगाचे असले म्हणजे घर चांगलं होतं का?" त्या म्हणाल्या. "उद्या मी शेजारी बसते."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारी बसू लागल्या. खेळ त्यांना येत नव्हता, म्हणूनच त्या प्रश्न विचारायच्या, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देता देता आरशाला आपण काय करतोय ते ऐकू यायचं. पहिला आठवडा त्यांनी त्याला जवळजवळ खेळूच दिलं नाही. मोठी जोडी, दोन्ही मोठी पानं, एक्क्याबरोबर राजा किंवा राणी, असं काही आलं तरच थांबायचं. बाकी सगळं टाकायचं. पाचातले चार डाव टाकण्यात जायचे. आरशाचे हात शिवशिवायचे. 'राजा आणि तिर्री' आली की तो केविलवाणं तोंड करून त्यांच्याकडे बघायचा.

"राजा आहे, आई."

"राजा एकटा आलाय. टाका."

टाकलेल्या डावात नेमक्या दोन तिर्र्या मधे उघडायच्या आणि आरसा टेबलावर बुक्की मारायचा. "बघा, मी असतो तर जिंकलो असतो."

"मीही लग्नाआधी त्या पोस्टमास्तरांना हो म्हटलं असतं तर आज वेगळ्या घरात विणत बसले असते," सासूबाई म्हणाल्या. "टाकलं ते टाकलं. मागे वळून बघायचं नाही."

पोस्टमास्तरांविषयी आरशाने पहिल्यांदाच ऐकलं. त्याने विचारायला तोंड उघडलं, पण त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. त्याची पाळी होती.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना त्या टेबलावर फिरणारं एक पांढरं बटण दिसलं. ते ज्याच्यापुढे असेल तो सगळ्यांत शेवटी बोलतो, असं आरशाने सांगितल्यावर त्या एकदम सावरून बसल्या. "मग हे आधी का नाही सांगितलंत? सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलायला मिळणं, याहून मोठं सुख आहे का जगात?" आणि त्यांनी नियम केला. बटण आपल्यापुढे असेल तेव्हा थोडी कमी चांगली पानंही चालतील, कारण बाकीच्यांनी काय केलं ते कळलेलं असतं. पहिल्यांदा बोलावं लागणार असेल तेव्हा मात्र फक्त भक्कम पानं. "अंधारात पहिलं पाऊल टाकणाऱ्याने तरी जपून टाकावं," असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात आरशाला थापेचा नाद लागला. थाप म्हणजे हातात काही नसताना ढीगभर चकत्या लावून समोरच्याला घाबरवायचं. आयुष्यभर जे जमलं नव्हतं ते इथे जमेल, असं त्याला वाटत होतं. त्याने किलवर अठ्ठी आणि चौकट तिर्रीवर निम्म्याहून जास्त चकत्या पुढे ढकलल्या. 'गोगलगाय' नावाच्या एका खेळाडूने शांतपणे तेवढ्याच भरल्या आणि दोन चौक्या दाखवून सगळा ढीग नेला.

"दोन चौक्या," आरसा म्हणाला. त्याचा चेहरा पडदे काढलेल्या खिडकीसारखा झाला होता. "दोन चौक्यांवर कुणी भरतं का?"

"हा गोगलगाय सकाळपासून प्रत्येक डावात भरतोय," सासूबाई म्हणाल्या. "फुकटच्या चकत्या आहेत, त्याला कशाची भीती? ज्याला ऐकूच येत नाही, त्याला थाप मारून काय उपयोग? अशाला फक्त खरं सांगायचं. पानं चांगली आली की भरपूर लावायच्या, तो भरेलच."

आरसा लगेच पुढच्या डावात उरलेलं सगळं लावायला निघाला होता. हातात पंजी आणि नव्वी. सासूबाईंनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं.

"कुठे निघालात?"

"गेलेलं परत मिळवतो."

"बुडत्याचा पाय खोलात. उठा. बाहेर टॉवेल वाळलेत, ते घड्या करून आणा. मग बसायचं तर बसा."

तेव्हापासून मोठा डाव गेला की टॉवेल, असा रिवाजच पडला. त्या दिवसांत घरातले टॉवेल इतक्या वेळा घडी केले गेले की बायकोने विचारलं, "आपल्याकडे पाहुणे येणारेत का?"

पण सगळ्यांत मोठी गोष्ट सासूबाईंना सापडली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि तीसुद्धा डोळे मिटून. त्या मान मागे टेकवून पडल्या होत्या, आरसा खेळत होता. मधेच डोळे न उघडता म्हणाल्या, "आता चांगली पानं आलीत."

आरसा चरकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"माऊसची टिचकी लगेच वाजली. वाईट पानं असली की तुम्ही आधी सुस्कारा टाकता, मग चष्मा पुसता, मग टिचकी. चांगली असली की पटकन. मला इथे झोपून कळतंय, तर त्या पाच जणांना कळत नसेल?"

आरसा बसल्या जागी खचला. चेहरा घरी ठेवून आलो असं त्याला वाटत होतं, आणि तो बोटातून डोकावत होता. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी त्याला इतकं उदास पाहिलं नव्हतं. आणि त्याचा चेहरा कसा आहे ते बघता, त्यांनी त्याला उदास बरंच पाहिलं होतं.

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "एक्स्चेंजला आम्हाला शिकवलं होतं. मंत्र्याचा फोन असो की मटणवाल्याचा, 'एक मिनिट थांबा' हे एकाच आवाजात म्हणायचं. पानं कशीही येवोत, पाळी आली की मनात पाच अंक मोजा आणि मग टिचकी मारा. डाव सोडायचा असला तरी पाच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मग आरसा पाच अंक मोजू लागला. सुरुवातीला ओठ हलायचे, पण ओठ कुणाला दिसतात? हळूहळू दहा हजार चकत्या दिवसभर पुरू लागल्या. मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरून उरू लागल्या. महिन्याच्या शेवटी 'मुखवटा'कडे चौऱ्याऐंशी हजार चकत्या होत्या. त्यांनी साधी सेफ्टी पिनसुद्धा विकत घेता आली नसती, पण आरसा सकाळी दाढी करताना शीळ घालू लागला.

साहजिकच ही बातमी साडूकडे पोचली. बायको बहिणीशी फोनवर बोलली, आणि पाचव्या मिनिटाला साडूचाच फोन आला.

"काय साडूभाऊ, पोकर खेळता म्हणे. आपलं घरचंच टेबल लावू या रविवारी दुपारी. आपण दोघं आणि दोघी बहिणी. तुम्ही तुमच्या घरून, आम्ही आमच्या घरून."

"लावू या की," आरसा म्हणाला आणि फोनवरच लाल झाला.

"व्हिडिओ चालू ठेवायचा का?"

आरशाने घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी फोन हातात घेतला. "जावईबापू," त्या धाकट्या जावयाला म्हणाल्या, "आमच्याकडचं इंटरनेट तेवढं दणकट नाही. तोंडं आपण जेवायच्या वेळी बघू." एकतीस वर्षं सरकारी यंत्रणेतर्फे लोकांना 'लाईन खराब आहे' हे सांगत आलेली बाई ती. साडूने पुढे काही विचारलं नाही.

रविवारी दुपारी खेळ सुरू झाला. आरसा बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर, शेजारी सासूबाई. बायको आतल्या खोलीत मोबाईलवर, पलंगावर आडवी. पहिला तासभर आरशाने टाकणं सोडून काही केलं नाही. साडू प्रत्येक डावात चकत्या वाढवत होता आणि सगळे सोडत होते, त्यामुळे त्याच्यापुढचा ढीग फुगत चालला होता, तरी 'मुखवटा'च्या महिनाभराच्या ढिगापेक्षा तो अजून लहानच होता. टेबलाच्या बाजूला लिहायची जागा होती, तिथे तो लिहीत होता. 'आरसा झोपला का?' मग, 'आरशावर फडकं टाकलंय वाटतं.' आरशाला उत्तर द्यायचं होतं. सासूबाईंनी त्याच्या हातावर सुई ठेवली, टोचेल न टोचेल अशी.

मग बटण आरशापुढे आलेलं असताना त्याला दोन नव्व्या मिळाल्या. बदामाची आणि इस्पिकची. तो नुसता हलला, तशी खुर्ची करकरली.

साडूने सवयीप्रमाणे चकत्या वाढवल्या. आरशाने पाच अंक मोजून तेवढ्याच भरल्या. आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "खुर्ची वाजली. मी नाही बाई यात." तिने पानं टाकली. मेव्हणीनेही टाकली. उरले साडू आणि आरसा.

मधली तीन पानं उघडली. बदाम राजा, किलवर नव्वी, इस्पिक चौकी.

तिसरी नव्वी. आरशाच्या भुवया केसांत गेल्या. कान असे पेटले की सासूबाईंनी नंतर सांगितलं, त्यावर दूध तापलं असतं. तोंड आपोआप उघडलं ते मिटेना. तो दोन्ही हातांनी स्वतःचे गाल खाली ओढत होता.

"बरंय, हे कुणी बघत नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मोजा."

साडूने भरपूर लावल्या. आरशाने मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि तेवढ्याच भरल्या. चौथं पान सत्ती निघालं, कुणाच्या कामाचं नाही. साडूने दुप्पट लावल्या. पुन्हा पाच अंक, पुन्हा तेवढ्याच. शेवटचं पान एक्का. साडूने बाजूला लिहिलं, 'आता पळा', आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.

आरशाने हे पाच अंक मोजले ते त्याच्या आयुष्यातले सर्वांत लांब पाच अंक होते. तीनवर त्याला शिंक येणार होती. पाचवर त्याने टिचकी मारली.

पानं उघडली. साडूकडे एक्का आणि राजा, म्हणजे दोन मोठ्या जोड्या. आरशाकडे तीन नव्व्या. चकत्यांचा डोंगर टेबलाच्या त्या टोकाकडून सरकत 'मुखवटा'पुढे आला आणि साडूच्या नावापुढे शून्य दिसू लागलं.

मग फोन वाजला.

"शेजारी कोण बसलंय तुमच्या?" साडूने विचारलं.

आरशाने एकवार सासूबाईंकडे बघितलं. खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. "आई."

"मला वाटलंच," साडू म्हणाला आणि मग, सवय नसल्यासारखं थांबून, "त्या मला शिकवतील का?"

अशा रीतीने साडू सोमवारी सकाळी, गाडीच्या ब्रेकविषयी काहीतरी सांगायचं निमित्त करून, हजर झाला. सासूबाईंनी त्याला सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, पहिला आठवडा नुसतं टाकायचं. साडूचा स्वभाव हॉर्न वाजवत पुढे जाण्याचा. तीन दिवस त्याने पानं टाकली, ती एखाद्याने स्वतःच्या घरातलं सामान टाकावं तशी. चौथ्या दिवशी गुलाम आणि दश्शी टाकायला सांगितल्यावर तो उठलाच. स्कूलमध्ये एकदम शिकणारे फार वाढलेत, असं म्हणाला. नंतर तो त्याच साईटवर स्वतःच्या पद्धतीने खेळू लागला, म्हणजे प्रत्येक डावात वाढवायचं आणि शेवटी पळा म्हणायचं.

त्या तीन दिवसांत त्याच्याबरोबर मेव्हणी येऊन बसायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून वही उघडायची आणि काहीतरी लिहायची. सगळ्यांना वाटायचं, वाणसामानाची यादी करतेय. तिने सासूबाईंचा शब्दन् शब्द उतरवून घेतला होता. साडूने शिकणं सोडलं, तिने सोडलं नाही. ती रोज अकरा वाजता आईला फोन करायची आणि अर्धा तास दोघींचं चालायचं. सासूबाईंच्या तोंडून ऐकू यायचं, "नाही. तेही टाक. बटण कुणाकडे आहे? मग टाकच."

आरशाचं दुकान नव्या फरशीसह उघडलं आणि तो कामाला लागला. आता तो खेळायचा फक्त रविवारी, तास-दीड तास. सासूबाईंनी स्वतःचं खातं काढलं, 'थांबा' या नावाने. आणि त्याच सुमारास साडू जेवताना कुरकुरायला लागला की साईटवर कुणी 'पिवळा दिवा' नावाचा माणूस आलाय आणि तो आपल्या मानगुटीवर बसलाय. दर मंगळवारी दुपारी स्कूलमध्ये थोडी उसंत असते, तेव्हा साडू ऑफिसात खेळायचा. आणि दर मंगळवारी पिवळा दिवा नेमका त्याच टेबलावर येऊन बसायचा, तासभर गप्प राहायचा आणि शेवटी साडूला साफ करून जायचा. "निवृत्त न्यायाधीश असणार कुणीतरी," साडू म्हणायचा. "फार थंड डोक्याचा माणूस आहे. मला माणसं कळतात."

त्याच ऑफिसच्या भिंतीपलीकडे, शिकणाऱ्यांचे फॉर्म तपासायच्या टेबलाशी, मेव्हणी मोबाईल पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये ठेवून बसलेली असायची.

हे गुपित तिच्या बहिणीला माहीत होतं, आईला माहीत होतं आणि दुर्दैवाने एका रविवारी आरशालाही कळलं. कळल्यापासून त्याची झोप उडाली. साडूशी फोनवर बोलणं ठीक होतं. समोरासमोर भेटायची सोय राहिली नव्हती. एका रविवारच्या जेवणाला त्याने दाढ दुखतेय म्हणून सांगितलं, पुढच्याला दुकानात माल यायचाय म्हणून. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "आता नाही गेलात तर तो इकडे येईल."

तेव्हा सासूबाईंनी तोडगा सुचवला आणि आरसा दुकानातला सर्वांत मोठ्या काचांचा काळा चष्मा लावून, डोळे आलेत असं सांगत साडूकडे जेवायला गेला. चष्म्याने भुवयांसकट अर्धा चेहरा झाकला होता. जेवण सुरळीत पार पडलं. हात धुऊन सगळे पुन्हा टेबलाशी बसले आणि साडू त्याच्याकडे वळला.

"साडूभाऊ, तुम्ही आता त्यातले जाणकार. खरं सांगा, हा पिवळा दिवा कोण असेल?"

आरशाने मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीनला कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं त्याला कळलं. साडू काळ्या काचांकडे बघत होता, तो थोडा बाजूला सरकून कानांकडे बघू लागला. चार झाल्यावर मेव्हणीने समोरची ताटं उचलली, आरशाच्या हातात दिली आणि म्हणाली, "भाऊजी, ही तेवढी आत नेऊन ठेवता का? आणि मग जरा गच्चीत जाऊन बसा. तिथे वारा छान आहे. डोळ्यांना बरं वाटेल."

आरसा ताटं घेऊन आत गेला, तिथून गच्चीत गेला आणि साडू दुपारची डुलकी काढायला आत जाईपर्यंत तिथेच बसून राहिला.